सरगुंड्यांचा गंज

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला बोलीभाषेचं प्रकरण चाललं होतं. दुपारची वेळ, पंखे बंद, अर्धा वर्ग पेंगुळलेला. मॅडमनी सहज विचारलं, "तुमच्या घरचा असा एखादा पदार्थ सांगा, की जो दुसऱ्याच्या घरी होत नाही, किंवा झाला तर वेगळ्या नावानं होतो." वर्ग एकदम जागा झाला. कुणी गाकर सांगितले, कुणी पातोडीची भाजी, कुणी अंबाडीच्या फुलांचं सरबत. वरणफळं की चिकोल्या, यावरून दोन मैत्रिणींची चांगलीच जुंपली. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुरणपोळी."

"अरे, ती तर सगळीकडे पुरणपोळीच असते!" मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसलो आणि खाली बसलो.

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर जिभेवर होतं. ते मी गिळलं, एवढंच. त्या दिवशी दिलेलं उत्तर दुरुस्त करावं म्हणून हा लेख लिहीत आहे. एका वर्षानं का होईना, पण मॅडम, आमच्या घरचा पदार्थ म्हणजे मोठ्याच्या रश्शात शिजवलेले सरगुंडे. एकाच गंजात, एकाच चुलीवर. त्याला आमच्या घरी निराळं नाव नाही. आजी नुसतं 'गंज' म्हणते. "आज गंज ठेवू काय?" असं तिनं विचारलं, की काय समजायचं ते घरातलं लहान पोरसुद्धा समजे.

पुण्या-मुंबईकडचे वाचक हाती हा अंक घेतील असं नाही, पण घेतलाच तर सांगून ठेवतो, की आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. आणि 'मोठं' म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बकऱ्याचं ते छोटं, म्हशीचं, हेल्याचं, पूर्वी बैलाचंही, ते मोठं. हा शब्द मोठा सोयीचा आहे. बसमध्ये बोलता येतो, दुकानात बोलता येतो. फक्त वर्गात उभं राहून बोलता येत नाही.

आधी सरगुंड्यांविषयी सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. विदर्भात ते पुष्कळ घरी होतात. चैत्र-वैशाखात, आंबे पाडाला लागायच्या सुमारास, बाया एकमेकींच्या अंगणात जमतात. गव्हाच्या बारीक पिठाची घट्ट कणीक मळायची, ती मुरू द्यायची, मग पाटावर तळहातानं लांब दोरी वळायची आणि ती बारीक गुळगुळीत काडीवर गुंडाळत न्यायची. जरा सुकलं की काडी अलगद ओढून घ्यायची. मागे उरतो तो पोकळ, पीळदार सरगुंडा. उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरला की वर्षभर टिकतो. लोक तो उकडून आंब्याच्या रसासोबत खातात. पाहुण्यांना, जावयाला, सणाला. गोडाचाच पदार्थ तो.

माझ्या खोलीतल्या मित्रानं एकदा दुकानातून पास्त्याचं पाकीट आणलं. उघडून पाहतो, तर आत आजीचे सरगुंडे! तोच पीळ, तीच लांबी, फक्त यंत्रानं केलेले, त्यामुळे एकसारखे. त्याला इटलीत 'फुसिल्ली' म्हणतात. हा शब्द 'फुसो' म्हणजे सूत कातायच्या चातीवरून आला, आणि दक्षिण इटलीतल्या बाया आजही लोखंडाच्या बारीक सळईवर कणीक गुंडाळून तो हातानं करतात. त्यांचा पास्ता होतो तो डुरम जातीच्या कडक गव्हाचा. आपल्याकडे कोरडवाहू जमिनीत पिकणारा बन्सी गहू हाही डुरमच. आजी सरगुंड्यांना बन्सीच लागतो म्हणून हटून बसायची, तेव्हा आम्ही तो तिचा हेका समजायचो. पण साध्या गव्हाचा सरगुंडा रश्शात पडला की विरघळून लापशी होते, बन्सीचा दाताखाली लागतो. आजीनं कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिला अक्षरओळखही नाही.

आता हा गोडाचा, मानाचा सरगुंडा मोठ्याच्या गंजात कसा पडला, ते सांगायला हवं. त्यासाठी १९५६ सालात जावं लागेल.

आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचं माहेर कळंबजवळचं. गावाबाहेर वाडा, वाड्याला गावची कामं, आणि त्या कामांत एक काम मेलेली ढोरं ओढून नेण्याचं. ढोर ओढायचं, फाडायचं, मांसाचे घरोघर वाटे करायचे. जास्त असलं तर चान्या करून दोरीवर वाळवायच्या. आजी हे सांगते तेव्हा आवाज खाली करत नाही, उलट जरा चढवते. "आमी खाल्लं, बापू. भूक होती तं खाल्लं. लाज त्याईले वाटाले पायजे, ज्याईनं आमच्यावर ते आणलं." सरगुंडेही तिला लहानपणापासून ठाऊक होते, पण ते मोडके. पाटलाच्या अंगणात सरगुंडे होत तेव्हा जे काडीवरून उतरताना तुटत, त्यांचा चुरा शेवटी सुपात गोळा करून वाड्यातल्या बाईच्या पदरात वरून टाकला जाई. आख्खा सरगुंडा कसा लागतो हे तिला माहीत नव्हतं.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस सोडा, मिळालेले तुकडे सोडा, असं सांगितलं होतं. आमच्या भागातल्या पुष्कळ गावांत ते शब्द पोचले, काही घरांनी तेव्हाच सोडलं. आजीच्या माहेरी सोडायला एकोणतीस वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजीचे वडील वर्ध्यापर्यंत पायी गेले, तिथून आगगाडीनं नागपूर. आठ दिवसांनी आले ते पांढऱ्या कपड्यांत. आल्याबरोबर त्यांनी दोरीवरच्या चान्या काढल्या, ज्या मडक्यात ते मांस शिजे ते मडकं अंगणात आणलं आणि दगडावर आपटलं. आजीची आई रडायला लागली. नव्या धर्मासाठी नव्हे, मडक्यासाठी. घरात मोठं मडकं ते एकच होतं.

त्या वर्षी वाड्यानं ढोरं ओढणं बंद केलं. गावानं रोजगार बंद केला. हे सगळीकडे झालं तसंच इथंही झालं, त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लांबवत नाही. आजी, तिची आई आणि दोन भाऊ दुसऱ्या गावी कापूस वेचायला जाऊ लागले. वेचणीचे पैसे आले तेव्हा आजीच्या आईनं तीन गोष्टी घेतल्या. एक जर्मनचा गंज, पायलीभर बन्सी गहू आणि आठवडी बाजारातून मोलानं आणलेलं, कापलेलं हेल्याचं मांस. गहू जात्यावर दळला, वाड्यातल्या बायांनी पाटलाच्या अंगणात लांबून पाहून ठेवलं होतं तसे सरगुंडे पहिल्यांदा आपल्या हातानं वळले. निम्मे मोडले. रसाला आंबे कुठून आणणार? आंबराया पाटलाच्या. मग आजीच्या आईनं ते सरगुंडे, आख्खे आणि मोडके सगळे, रटरटत्या रश्शात सोडून दिले.

१९५७ चा तो उन्हाळा. आमच्या घरचा पदार्थ तेव्हाचा आहे. त्यात पडीचं काही नव्हतं, पदरात पडलेलंही काही नव्हतं. गंज विकतचा, गहू विकतचा, मांस विकतचं. आजी अजून सांगते, "त्या दिवशी आईनं सगळ्याईले आधी गंज दाखवला, मंग वाढलं."

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, त्यात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी मांडला आहे. मी तो ग्रंथालयातून आणून वाचला आणि सुट्टीत आजीला त्यातला भाग समजावून सांगू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुले आता समजलं? मले मडकं फुटलं तवाच समजलं होतं." तिच्या लेखी पडीचं आणि कापलेलं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये एक फुटलेलं मडकं आहे. पडीचं सोडलं ते माणूस म्हणून. कापलेलं खाल्लं तेही माणूस म्हणूनच. यात विसंगती आहे असं कुणाला वाटलं तर त्यानं तिच्याशी वाद घालून पाहावा. आणि हीच आजी पोळ्याच्या दिवशी काकाच्या बैलांना ओवाळायची, त्यांच्या खुरांवर पाणी घालायची. विदर्भात कुठल्या घरात बैलावर प्रेम नाही?

माझ्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांनी गंज होई. बाबा रविवारी पिशवी घेऊन येत. मग २०१५ साल आलं. त्याआधीच्या, १९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गायीची कत्तल बंद होतीच, पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कापता येई. विधिमंडळानं १९९५ साली केलेली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल, वळूसुद्धा त्यात गेले. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. म्हैस आणि हेला त्यातून बाहेर राहिले. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं परराज्यातून आलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला एवढंच कळलं, की बाबांनी रविवारची पिशवी आणणं बंद केलं.

"हेल्याचं चालते म्हणतात," आई एकदा म्हणाली.

"चालते," बाबा म्हणाले. "पण पिशवीवर लिहिलं असते काय, का हे हेल्याचं हाय म्हणून?"

बाबा कचेरीत कारकून आहेत. सरळ माणूस. आयुष्यात कधी कुणाचा एक चहा फुकट प्यायले नाहीत. वाटेत कुणी अडवील, पिशवी उघडायला लावील, चार लोक जमतील, मोबाईलवर चित्र काढतील, आणि ते हेल्याचं होतं हे सिद्ध होईपर्यंत नोकरीचं काय होईल, ही भीती त्यांना होती. त्या काळात देशात जे घडत होतं ते वाचणाऱ्या माणसाला ती भीती अस्थानी वाटणार नाही. घरात कोंबडी येऊ लागली. कोंबडीच्या रश्शात सरगुंडे टाकून पाहिले एकदा. कोंबडी अर्ध्या तासात शिजते, तिच्या रश्शाला अंग येत नाही, सरगुंडा वेगळा आणि रस्सा वेगळा लागतो. आजीनं ताट सरकवलं. पुन्हा कुणी तो प्रयोग केला नाही. हळूहळू 'गंज' हा शब्दच घरातून गेला. बाबांना विचारलं तर म्हणत, "मले आता आठवत बी नाही तो कसा लागे ते."

याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक निघालं. मराठवाड्यातल्या दलितांच्या घरी काय शिजे, कसं शिजे, याची त्यात नोंद आहे. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही आला. ते वाचताना मला दोन गोष्टी वाटल्या. एक, की आपलं खाणं छापता येतं. दुसरी, की यवतमाळच्या गंजाची नोंद कुणी करायची? पण वर्गात उभं राहिल्यावर मी म्हणालो ते 'पुरणपोळी'.

गेल्या दिवाळीच्या आधी आजी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आली, पण खाटेला खिळली आणि अन्नावरची वासना गेली. आई पेज करी, वरण-भात कुस्करून देई, ती दोन घास घेऊन तोंड फिरवी. मी यवतमाळहून फोन केला. "आजी, काय आणू तुले?" बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "डब्यात सरगुंडे हायेत अजून. वरचे नको घेजो, खालचे बन्सीचे हायेत. बाकीचं तू पाह्य."

बाकीचं तू पाह्य! या तीन शब्दांनी माझी झोप उडवली.

सकाळी लवकर बाजारात गेलो. मोठ्याचं दुकान मला माहीत होतं, पण आजवर समोरून जाताना मी चाल वाढवत असे. चाचांनी विचारलं, "कितना?" मी म्हणालो, "दीड किलो. शिजवायचं आहे, म्हणजे रश्शाचं. थोडी नळी, थोडी छाती." मग घसा खाकरून विचारलं, "हेल्याचं आहे ना?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "और क्या होगा, बेटा?" मी म्हणालो, "पावती मिळेल?" दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी गल्ल्यातून छापील पावतीपुस्तक काढलं, कार्बन लावला आणि शांतपणे लिहिलं. तारीख, वजन, 'म्हैसवर्गीय'. खाली सही. म्हणाले, "संभाल के रख." मी ती घडी करून पाकिटात, ओळखपत्राच्या मागे ठेवली.

मांस स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक टॉवेलात, टॉवेल पिशवीत आणि त्यावर साहित्यशास्त्राचं पुस्तक. रसचर्चेचा असा उपयोग मी प्रथमच केला. राळेगावच्या गाडीत खिडकीजवळ बसलो. कळंबला गर्दी झाली. एक बाई शेजारी बसली, हातात चिंतामणीचा प्रसाद. माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "दिवाळीचं सामान हाय वाटते?" मी मान हलवली. तिनं मला प्रसादाचा पेढा दिला. तो मी घेतला, खाल्ला आणि पुढचा रस्ताभर घामानं भिजत बसलो. कायद्याच्या दृष्टीनं माझ्याकडे काहीही गैर नव्हतं. पाकिटात पावती होती. तरी पिशवी मांडीवर ठेवावी की पायाशी, हे मला उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी बाबा नव्हते, कचेरीत गेले होते. आईनं डबा उघडून पाहिला, पुन्हा झाकला, दार लोटून घेतलं. मग काही न बोलता माळ्यावरून गंज काढून घासायला घेतला. तो माहेरचा जर्मनचा नव्हे, तो कधीच झिजला. हा पितळेचा, आजीच्या संसारातला.

गॅसवर करायचं नाही, असं आजीनं आतून सांगितलं. टिनाच्या छपरीत चूल पेटवली. आमच्याकडे सरपणाला पऱ्हाट्यांची वाण नाही. कापूस निघाला की शेतातून उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग घरोघर असतात. पण पऱ्हाटी भडकते आणि विझते. पाणी तापवायला, भाकरीला ठीक. गंजाला बाभळीचं लाकूड लागतं, जे नुसतं धुमसत राहील. सुरुवात पऱ्हाटीवर केली. चरबीचे तुकडे आधी गंजात टाकून त्यांचंच तेल सुटू दिलं, त्यात कांदा, आलं-लसूण, हळद, मग मांस. मीठ टाकून परतलं आणि वर ताट झाकून ताटात पाणी ओतलं. मांसाला आपल्या अंगचं पाणी सुटू द्यायचं, ते आटत आलं की ताटातलं गरम पाणी आत घालायचं. थंड पाणी घातलं की मांस दडस होतं.

हेला राबलेला प्राणी. त्याच्या मांसात शिरा आणि पडदे फार. जोरात उकळलं तर ते आवळून रबर होतात. मंद आचेवर तीन तास बसलं तर तेच पडदे विरघळतात आणि रश्शाला तो दाटपणा देतात, ज्यानं ओठाला ओठ चिकटतो. घाई करणाऱ्यासाठी हा पदार्थ नाही. कुकर लावला तर मांस शिजतं, पण रस्सा पाणीच राहतो. आईनं निखाऱ्यात दोन कांदे पुरले, खोबऱ्याची वाटी भाजली, खसखस, धने, कलमी, लवंग, सुक्या मिरच्या. मी पाट्यावर वाटायला बसलो. दहा मिनिटांत हात भरून आले.

आतल्या खोलीतून हुकूम चालू होते. आजी खाटेवर पडल्या पडल्या वासानं सगळं पाहत होती. "कांदा जळून राह्यला!" आई धावे. खरंच जळत असे. "धने कच्चे हायेत." "लाकूड मांगं ओढा, लय जोरात बोलून राह्यला गंज." पंधरा दिवस जिनं पेजेकडे पाहिलं नव्हतं ती दोन तास अखंड बोलत होती.

पाचच्या सुमारास मसाला पडला, रस्सा लाल झाला, वर तवंग आला. मी डब्यातून खालचे सरगुंडे काढून सुपात घेतले. आता ते केव्हा टाकायचे? आजीला विचारावं म्हणून गेलो, तर बोलून दमून तिला झोप लागली होती. आई म्हणाली, "ते आत्याबाईच टाके. मी कधी टाकले नाही." सूप हातात घेऊन मी चुलीपाशी उभा आणि फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

बाबांनी चप्पल काढली नाही. तसेच छपरीच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांनी गंजाकडे पाहिलं, माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या सुपाकडे.

"कायचं हाय?"

"हेल्याचं."

"कोठून आणलं?"

"यवतमाळवरून. बसनं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मनात उत्तरं तयार होती. उच्च न्यायालयाचा निकाल तोंडपाठ होता. १९७६, २०१५, २०१६. मी आता मोठं भाषण करणार एवढ्यात ते म्हणाले, "पावती घेतली काय?"

मी सूप खाली ठेवून पाकिटातली पावती दिली. त्यांनी खिशातून चष्मा काढला. कचेरीत एखादा अर्ज वाचावा तशी वरपासून खालपर्यंत वाचली, तारीख पाहिली, सही पाहिली, मागून कोरी आहे ना तेही पाहिलं. घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग चप्पल काढली, हातपाय धुऊन आले आणि चुलीसमोर पाटावर बसले. ताट उचलून पळीनं एक हाड वर काढलं, दोन बोटांनी दाबलं.

"आता नको टाकू," ते म्हणाले. "हाड सोडलं नाही अजून. हाडापासून मांस आपोआप सुटलं पायजे, मंग टाकायचे. त्याच्यानंतर ताट झाकायचं नाही. आणि पळी फिरवायची नाही, सरगुंडा मोडते. गंज दोन्ही कानाला धरून हलवायचा."

आई माझ्याकडे पाहत होती. मी काही बोललो नाही. आठवत नाही म्हणणाऱ्या माणसाशी अशा वेळी बोलू नये.

अर्ध्या तासानं त्यांनीच मूठ मूठ करून सरगुंडे सोडले. पिळामध्ये रस्सा शिरू लागला, पांढरा रंग जाऊन तांबूस आला. सरगुंड्याचं पीठ किंचित सुटतं, त्यानं रस्सा आणखी आळतो. बाबा फडक्यानं गंजाचे कान धरून हलवत होते. एकदा त्यांचा हात भाजला. त्यांनी तो झटकला आणि पुन्हा धरला.

माझ्या त्या पास्तावाल्या मित्राला नंतर मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं मला एक मजेशीर माहिती दिली. अमेरिकेत खिमा, टोमॅटो आणि मॅकरोनी एकाच भांड्यात शिजवून घरोघर रात्रीचं जेवण करतात आणि त्याला 'गुलाश' म्हणतात. ते नाव आलं हंगेरीतून. तिथला गुलाश निराळा, गोमांसाचा पातळ रस्सा, त्यात कणकेचे चिमटून तोडलेले बारीक गोळे सोडतात. आणि त्या भाषेत 'गुयाश' याचा मूळ अर्थ गुराखी. गुरं राखणाऱ्यांचं खाणं त्यांच्याच नावानं राष्ट्राचा पदार्थ झालं. ढोरं राखणारे, ओढणारे, फाडणारे आपल्याकडेही होते. मी मित्राला म्हणालो, त्यांच्या नावानं आपल्याकडे शिव्या झाल्या. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुढच्या खेपेला मले घेऊन चाल." तो घेऊन जाण्यासारखा आहे की नाही हे मी अजून ठरवतो आहे, कारण त्याच्या घरी कांदासुद्धा चतुर्मासात वर्ज्य असतो.

त्या संध्याकाळी पहिलं ताट आजीचं. आईनं मांसाचे धागे बारीक केले, सरगुंडे कुस्करू लागली, तर आजी ओरडली, "आख्खा दे!" उशीला टेकवून बसवलं. तिनं एक सरगुंडा बोटात धरून रश्शातून वर काढला, पिळातून थेंब गळेपर्यंत थांबली आणि तोंडात घातला. आम्ही तिघंही दारात उभे.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ चावून, "कोणं हलवला गंज?"

"तुह्या पोरानं, माय," बाबा म्हणाले.

"तरीच मोडले नाही."

तिनं चार सरगुंडे आणि थोडा रस्सा घेतला. फार नाही, पण पेजेपेक्षा जास्त. बाबा दोनदा वाढून घेते झाले, तिसऱ्यांदा स्वतःच उठले. जेवताना कुणी फारसं बोललं नाही. रस्सा चांगला झाला होता, तरी माझ्या मते मिरची जरा कमी पडली. आईनं शेजारच्या काकूंकडे वाटी पाठवायला घेतली, बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी मानेनंच 'पाठव' म्हटलं.

आजी आता काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाते. जमिनीवर बसता येत नाही, त्यामुळे या वैशाखात सरगुंडे आईनं वळले. ते जाड झाले. आजीनं खाटेवरून प्रत्येकाला नाव ठेवलं, पण डबा भरून घेतला.

मागच्या महिन्यात घरपट्टीची पावती शोधायला बाबांची फाईल उघडली. वीजबिलं, घरपट्टी, माझ्या महाविद्यालयाची फी, सगळं तारीखवार टाचण्या मारून लावलेलं. ऑक्टोबरचं वीजबिल आणि नोव्हेंबरचं वीजबिल यांच्यामध्ये ती पावती होती. दीड किलो, म्हैसवर्गीय. कोपऱ्यात बाबांनी त्यांच्या कचेरीतल्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आईकरिता'.